तुपाचा हात

लंकाबाईंनी ॲल्युमिनियमचा डबा नाकाशी नेला, डोळे मिटून वास घेतला आणि तो परत बेसिनमध्ये ठेवला.

“धुतलेला आहे तो, ताई,” चैताली म्हणाली.

“दिसतंय ना. पण एकदा गरम पाण्यानं काढते. ठेव बरं थोडं.”

चैतालीने गॅसवर पातेलं चढवलं. गेल्या पंधरवड्यात नाताळच्या ऑर्डरी तिने याच डब्यांमधून भाजून काढल्या होत्या. नाशिकच्या जेलरोडवरच्या या फ्लॅटमधून तिचे केक पार इंदिरानगरपर्यंत जात. आजवर एकाही गिऱ्हाईकाने तिच्या भांड्याचा वास घेतला नव्हता.

थोरली जाऊ सकाळी न कळवता दारात उभी राहिली होती. पिंपळगावहून माल घेऊन निघालेल्या टेम्पोने द्वारका चौकात सोडलं, तिथून रिक्षा केली, असं तिनेच सांगितलं. हातात दोन कापडी पिशव्या. एकीत झाडावरचे पेरू आणि घरी सुकवलेले बेदाणे, दुसरी खाली धरलेली, गाठ मारलेली. सासूबाई गेल्यापासून लंकाबाईंनी या घराची पायरी चढली नव्हती. हायवेला लागून असलेल्या जमिनीच्या तुकड्यावर सोमनाथभाऊजींना द्राक्षांचं पॅकहाऊस टाकायचं होतं आणि चैतालीचा नवरा दीपक सही द्यायला तयार नव्हता. तेव्हापासून दोघे भाऊ लग्नकार्यात भेटत, नमस्कार करत आणि एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडे बघत.

“तू ते फळांचं करती ना? मसाला घालून, भाजून?” चप्पल काढता काढताच लंकाबाई म्हणाल्या होत्या. “ते मला शिकव. पण दूध नको. तूप नको. लोणी नको. अंडं तर नकोच. जमंल का तसं?”

“जमेल की. सोपं आहे,” चैताली म्हणाली होती आणि पुढचा प्रश्न तिने तोंडातच ठेवला होता. कशासाठी? लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत याच बाईने तिला चुलीपासून उठवलं होतं. शहरातल्या पोरीच्या हातच्या करंज्या फुटतील, असं चार बायकांसमोर म्हणाली होती. ती आज शिकायला आली होती. आणि चहाही नको म्हणाली होती. आधी काम, मग चहा.

पाणी उकळलं. लंकाबाईंनी डबा विसळला, पुसला, पदराने नव्हे तर घडी मोडलेल्या नव्या पंचाने. पंचा त्यांनी स्वतःच्या पिशवीतून काढला होता. चैतालीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

“पेरू अर्धे करायचे,” चैतालीने सुरी हातात घेतली. “बिया चमच्याने काढायच्या. सफरचंद साल ठेवूनच कापायचं. दोन्ही सारखंच घ्यायचं. मग गूळ, दालचिनी, लवंगेची पूड, थोडी सुंठ, जायफळ. लिंबू पिळायचं. बेदाणे. एवढंच. हे सगळं डब्यात खाली.”

“आणि वर?”

“वर गव्हाचं पीठ, ओट्स, गूळ. ते तेलाने चोळून भुगा करायचा आणि पसरायचा. तो भाजून खुसखुशीत होतो.”

“तेल कंचं?”

“शेंगदाण्याचं.”

“बघू.”

लंकाबाईंनी तेलाची बाटली उजेडात धरली. मग ओट्सचं पाकीट उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि लांब केलं. चष्मा आणला नव्हता.

“वाच बरं यावर काय लिवलंय. मागं, बारीक अक्षरात.”

“ओट्स लिहिलंय, ताई. त्यात दुसरं काय असणार?”

“दूधपावडर-बिवडर घालत्यात म्हणं हल्ली. वाच ना.”

चैतालीने वाचलं. आवाज नको तितका स्पष्ट काढून, एकेक शब्द. लंकाबाईंनी ऐकलं, मान हलवली आणि पाकीट पुन्हा तिच्याकडूनच घेऊन स्वतःच्या बाजूला ठेवलं. तिच्या हाताशी राहू नये म्हणून ठेवावं तसं.

पेरूच्या फोडी करताना दोघी ओट्याच्या दोन टोकांना उभ्या होत्या. लंकाबाईंची सुरी सफाईने चालत होती, पण नजर फोडींवर नव्हती. ती फ्रिजवरून फिरत होती, मसाल्यांच्या डब्यांवरून, गॅसशेजारच्या तुपाच्या बरणीवरून. बरणीवर ती थोडी जास्त थांबली.

“घरचं हे का तूप?”

“हो.”

“त्याचा चमचा नाय ना यात वापरला?”

“नाही, ताई.”

“नाय, इचारलं आपलं.”

चैतालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पोळ्यांवर तूप वाढून वाढून या बाईचा हात सैल झालेला. गोठ्यात गायी. घरातली वरणाची वाटी तुपाशिवाय हलायची नाही. आणि आज हिला तुपाचा विटाळ झाला? की माझ्या घरातल्या भांड्याचा? इथे अंड्याचे केक होतात हे नातेवाइकांत सगळ्यांना माहीत होतं. पण मग यायचंच कशाला? पिंपळगावात केक मिळत नाहीत असं थोडंच आहे?

सकाळी लंकाबाई आंघोळीच्या खोलीत पाय धूत होत्या तेव्हा चैतालीने सिन्नरला दीपकला मेसेज टाकला होता. कारखान्यातून त्याचं लगेच उत्तर आलं होतं. ‘गोड बोलून सही मागेल. तू काही कबूल करू नकोस.’

लंकाबाईंचा फोन वाजला. पडद्यावर बघून त्यांनी हात पुसले आणि गॅलरीत गेल्या. सरकतं दार ओढून घेतलं, पण ते नेहमी बोटभर उघडं राहायचं, हे त्यांना कुठे माहीत असणार.

“नाय हो,” लंकाबाई दबक्या आवाजात म्हणत होत्या. “तिला नाय सांगितलं अजून. सांगितलं की सगळ्या भावकीत होईल. आधी काम होऊ द्या. हां... नाय, तिला संशय नाय आला. येडी हे का मी? ठेवा आता.”

चैताली पिठाच्या परातीपाशी उभी होती. तिने आधी हात बाजूला घेतले, मग पुन्हा परातीत घातले, मग पुन्हा काढले. तिला संशय नाही आला. म्हणजे एवढा वेळ आपण फोडी करत उभ्या होतो, लवंग किती, सुंठ किती सांगत होतो, आणि ही बाई फक्त वेळ काढत होती. गोड बोलून.

तिने तुपाची बरणी उघडली. बोटावर तूप घेतलं आणि डब्याला आतून, कडांपर्यंत, तुपाचा हात फिरवला. मग चमचाभर पिठात टाकलं आणि बोटांनी चोळलं. तेलाने भुगा कितीही चोळला तरी तुपासारखा खुसखुशीत होत नाही, हे तिला धंद्याने शिकवलं होतं. ते कारण ती स्वतःशी दोनदा म्हणाली. बरणीचं झाकण लावताना मात्र तिने आवाज होऊ दिला नाही.

लंकाबाई आत आल्या.

“झालं का पीठ?”

“झालं.”

“मी चोळणार होते.”

“पुढच्या वेळी चोळा.”

लंकाबाईंनी फळं डब्यात रचली. ओतली नाहीत, रचली. पेरूची एक फोड, सफरचंदाची एक, मधल्या फटीत बेदाणा. वरून भुगा पसरताना त्यांनी तळहाताने इतका हळुवार दाब दिला, जणू खाली कुणी झोपलेलं होतं. चैतालीने ओव्हन लावला. आत तांबडा उजेड पेटला. लंकाबाई खाली वाकून काचेतून बघत राहिल्या.

घरात लवंग-दालचिनीचा वास भरू लागला. गुळाचा, मग पेरूचा. लंकाबाईंनी एकदा नाक वर करून हवा ओढली. चैतालीने खिडकी उघडली.

“बसा ना, ताई.”

“उभीच बरी.”

चैतालीला आता थांबवेना. ती हात पुसून समोर आली.

“ताई, एक बोलू का? सही पाहिजे असेल तर सरळ सांगा. यांच्याशी बोला, भावाभावांनी बसून ठरवा. मला मधे घेऊ नका. आणि त्यासाठी शिकायचं नाटक कशाला?”

लंकाबाई काचेसमोरून हलल्या नाहीत. नुसती मान वळवली.

“कशाची सही?”

“हायवेच्या तुकड्याची.”

“त्याची?” त्या खरोखरच आठवल्यासारखं करत होत्या. “ते तुझे भाऊजी आणि दीपकभाऊ बघतील. मला काय त्यात?”

“मग आता गॅलरीत काय बोलत होतात? तिला सांगितलं नाही, तिला संशय आला नाही?”

लंकाबाई गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाल्या. त्यांचा चेहरा एकदम उतरला. चैतालीला वाटलं, आता पकडली. लंकाबाईंनी खुर्ची ओढली, तिच्या टोकावर बसल्या आणि गाठ मारलेली पिशवी मांडीवर घेतली. गाठ सोडली नाही, नुसती चाचपत राहिल्या.

“ह्यांचा फोन होता. सृष्टी येतीय आज,” त्या म्हणाल्या. “दुपारच्या गाडीनं. नाशिक रोडला उतरंल. तिला घेऊन घरी जायचंय.”

“मग?”

“मग हे तिच्यासाठी.”

सृष्टी म्हणजे लंकाबाईंची एकुलती मुलगी. ठाण्यात एका कंपनीत नोकरीला होती. चैतालीने तिला शेवटचं पाहिलं ते कुणाच्या तरी हळदीत, कोपऱ्यात फोन घेऊन बसलेली.

“ती दूध नाय घेत,” लंकाबाई म्हणाल्या. “दूध नाय, दही नाय, तूप नाय. गायीचं काहीच नाय. तीन वर्षं झाली. आपल्या गायीला गोऱ्हा झाला होता. ही तेव्हा सुट्टीला घरी. त्याला बाटलीनं पाजायची, अंगावर पोतं घालायची. परत गेली आणि इकडं ह्यांनी तो टेंपोवाल्याला दिला. दुसरं काय करत्यात गोऱ्ह्याचं? कोण ठेवतंय? पण तिनं फोनवर इचारलं तेव्हा मी म्हणले, मेला. आजारी पडून मेला म्हणले. पुढं तिला कळलं. त्या दिवसापासून दूध बंद.”

चैतालीने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

“बरं, ते चाललं असतं. डाळ-भात, भाकरी, ठेचा खाती ती. पण मला वाटायचं, पोर वाळत चाललीय. मागल्या वर्षीच्या दिवाळीला मी वरणात तूप घातलं. थोडंच. तिनं इचारलं, आई, यात तूप नाय ना? मी म्हणले नाय. तुझी शपथ, म्हणले.” लंकाबाईंनी पिशवीची गाठ घट्ट केली. “ह्यांनी जेवताना हसून सांगितलं. म्हणले, बघ, तूप खाऊनसुद्धा जिवंत हे का नाय? ती उठली. ताटात हात धुतला. त्याच संध्याकाळी बॅग भरली.”

“आणि आता?”

“मधी गौरीला आली होती. पण घरातलं काही खाल्लं नाय. पाकिटं आणली होती बरोबर, गच्चीवर बसून खायची. मी केलेली भाकरी पण नाय. म्हणाली, आई, मला नाही कळत तू कशात काय घातलंस. भाकरीत काय घालणार मी, चैताली?”

ओव्हनच्या काचेत भुग्याचा रंग गडद होत होता. कडेने रस उकळून वर येत होता.

“हे कुणाला सांगायचं?” लंकाबाई म्हणाल्या. “घरात गायी, आणि पोरगी दूध पीत नाय. तिला स्थळं बघायचीत अजून. तुला सांगितलं असतं तर चार घरी झालं असतं. खोटं नाय बोलत, असंच वाटलं मला. तिच्या फोनवर एकदा असलं फळांचं चित्र बघितलं होतं. ती म्हणाली, नाताळात आमच्या इथं मिळतं, बिनदुधाचं, मला लय आवडतं. मग तुझी आठवण झाली. म्हणलं, एक तरी गोष्ट अशी करावी, की इचारलं तर डोळ्यात बघून सांगता येईल.”

ओव्हनची घंटी वाजली.

चैताली जागची हलली नाही. लंकाबाई उठल्या. “झालं वाटतं. काढ ना.”

तिने हातमोजे घातले, डबा बाहेर काढला, जाळीवर ठेवला. असा भुगा तिचाही रोज होत नसे. सोनेरी, सुटा, कडेला गुळाच्या पाकाने चकाकणारा. लंकाबाईंनी दोन्ही हात छातीशी घेतले.

“अगं बाई. काय झालंय!”

“बिघडला हा,” चैताली म्हणाली.

“बिघडला? कुठं?”

“बिघडला, ताई. दुसरा करू.”

“करपला नाय, कच्चा नाय. एवढा...”

“हा तिला द्यायचा नाही.”

लंकाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग डब्याकडे बघितलं. मग हळूच वाकल्या आणि गरम वाफेत नाक नेलं. दालचिनी, लवंग, गूळ, पेरू, आणि त्या सगळ्यांच्या खाली जे काही होतं त्यापाशी त्या थोडा वेळ थांबल्या. तुपात आयुष्य गेलेल्या बाईला ते ओळखायला फार वेळ लागणार नव्हता. चैताली ओट्याची कड धरून उभी होती. काय बोलतील ते ऐकून घ्यायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

लंकाबाई सरळ झाल्या.

“पेरू हाईत ना अजून?”

“आहेत.”

“दुसरा डबा दे. धुते.”

पाणी उकळलं, डबा विसळला गेला, पंचाने पुसला गेला. या वेळी परात लंकाबाईंनी स्वतःपुढे ओढली आणि पीठ स्वतः चोळलं. चैताली फोडी करत होती. काही हवं असलं की लंकाबाई नुसतं बोट दाखवत. त्या गप्प होत्या, आणि चैतालीला ते शिव्यांपेक्षा जड जात होतं. एकदा तिने “ताई” अशी सुरुवात केली. लंकाबाईंनी हातानेच थांबवलं. “सुंठ टाकली का?”

डबा ओव्हनमध्ये गेला तेव्हा सृष्टीचा फोन आला. गाडी इगतपुरीच्या पुढे थांबून राहिली होती, आता कुठे सुटली होती.

“स्टेशनावर नको थांबू,” लंकाबाई म्हणाल्या. “रिक्षा कर आणि काकूकडं ये. जेलरोडला.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“अशीच आलेय. बसायला. ये तू.”

फोन ठेवून त्या चैतालीकडे वळल्या. “आता चहा टाक.”

चहा त्यांनी दुधाचाच घेतला. बशीत ओतून, फुंकर मारत, ओव्हनच्या काचेकडे बघत. कप-बशी मात्र त्यांनी लगेच उठून घासली आणि हात साबणाने कोपरापर्यंत धुतले.

सृष्टी आली तेव्हा दुसरा डबा जाळीवर निवत होता, पहिल्याच्या शेजारी. पाठीवर बॅग, कापलेले केस, डोळ्यांखाली प्रवासाचा काळपटपणा. तिने चैतालीला वाकून नमस्कार केला, आईकडे बघून नुसती हसली आणि मग तिचं नाक हललं.

“कसला वास आहे?”

“तुझ्यासाठी केलंय,” लंकाबाई म्हणाल्या. “फळांचं. तुला आवडतं ते.”

सृष्टीचा चेहरा दार लागल्यासारखा मिटला. रागही नव्हता त्यावर, दमणूक होती.

“मी गाडीत खाल्लंय, आई.”

“थोडं घे.”

“भूक नाहीये खरंच.”

“दूध नाय त्यात. तूप नाय. तुझी श...”

लंकाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. उरलेला शब्द त्यांनी गिळला. सृष्टीने मान खाली घातली आणि बॅगेचा पट्टा उगीचच खालीवर केला.

“मला नको इचारू,” लंकाबाई शेवटी म्हणाल्या. “काकूला इचार. तिच्या घरात झालंय.”

सृष्टीने वर बघितलं. आईने पढवून ठेवलेल्या साक्षीदाराकडे बघावं तसं तिने चैतालीकडे बघितलं. चैतालीला ती नजर ओळखीची होती. सकाळपासून तीच नजर तिच्याही डोळ्यांत होती.

“काकू, तुम्ही सांगा.”

सांगणं सोपं होतं. उजवीकडच्या डब्यात तसलं काहीच नाही, एवढं म्हटलं असतं तर ते खरंच होतं. पण सृष्टीची नजर तोवर दोन्ही डब्यांवर गेली होती.

“दोन का आहेत?”

लंकाबाई काही बोलायला गेल्या. चैतालीने त्यांच्याआधी तोंड उघडलं.

“डावीकडच्यात तूप आहे. मी घातलं. डब्यालाही लावलं आणि पिठातही चोळलं. तुझी आई गॅलरीत फोनवर होती, तिला माहीत नव्हतं. ती सकाळपासून मला तूप नको, तूप नको म्हणत होती. मला वाटलं, माझ्या भांड्यांवर संशय घेतेय. मला राग आला, म्हणून घातलं. ते तुझ्यासाठी आहे हे मला नंतर कळलं. मग आम्ही दुसरा केला. उजवीकडचा. त्याचा डबा तुझ्या आईने धुतला, पीठही तिनेच चोळलं. त्यात तेल आहे, शेंगदाण्याचं. दुसरं काही नाही.”

सृष्टी ओट्यापाशी आली, दोन्ही डब्यांवर वाकली. आधी डावीकडच्या, मग उजवीकडच्या. वाकण्याची तऱ्हा थेट आईची होती. चैतालीने लंकाबाईंकडे बघायचं टाळलं. सगळं आता मोकळ्यावर, पोरीसमोर आलं होतं. मघाशी जे न बोलता मिटलं असतं, ते तिने स्वतःच्या तोंडाने बोलून टाकलं होतं. उद्या पिंपळगावात, परवा सगळ्या भावकीत. होऊ दे.

लंकाबाई पुढे आल्या. त्यांनी चमचा घेतला, डावीकडच्या डब्याच्या कोपऱ्यातून चांगला मोठा घास काढला आणि उभ्यानेच तोंडात घातला.

“ताई...”

“वाया कशाला घालवायचं?” घास चघळत त्या म्हणाल्या. “चांगलं झालंय. तूप जास्तीच घातलंस तू.”

सृष्टी अचानक हसली. आवाज न करता, नाकातून. मग तिने दुसरा चमचा उचलला. तो दोन्ही बाजूंनी बघितला, नळाखाली धरला, झटकला. उजवीकडच्या डब्यात मधोमध खुपसला. भुगा करकरला. वाफ अजून होती. तिने फुंकर मारली, खाल्लं आणि बराच वेळ तोंड मिटून चावत राहिली. लंकाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. खाली कुणीतरी नारळाची गाडी ढकलत चाललं होतं, तीही त्या अगदी लक्ष देऊन बघत होत्या.

“लवंग जरा जास्त झालीय,” सृष्टी म्हणाली.

“मी सांगितली तेवढीच तिनं टाकली,” लंकाबाई खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाल्या. प्रमाण खरं तर चैतालीनेच सांगितलं होतं.

सृष्टीने दुसरा घास घेतला. मग खुर्ची ओढून बसली आणि डबाच पुढ्यात घेतला. बेदाणे वेचून बाजूला काढायचे आणि शेवटी खायचे, अशी तिची पद्धत दिसत होती.

“बांधून देते उरलेलं,” चैताली म्हणाली. “निमाणीच्या स्टँडपर्यंत रिक्षाने जा, तिथून पिंपळगावची बस मिळेल. अंधार पडायच्या आत पोचाल.”

“घरी करायचं म्हटलं तर?” सृष्टीने विचारलं. प्रश्न चैतालीला होता. “आपल्याकडे ओव्हन कुठंय?”

“कढईत होतं. जाड कढई घ्यायची, तळाला मीठ पसरायचं, त्यावर कडं ठेवून डबा. झाकण घट्ट. मंद आचेवर.”

“कढई आहे,” लंकाबाई म्हणाल्या.

सृष्टीचा चमचा थांबला. “त्यात तू तुपाच्या पुऱ्या तळतेस.”

लंकाबाई खिडकीपासून वळल्या. मांडीवर, मग खुर्चीवर, मग ओट्याखाली सरकत गेलेली ती दुसरी पिशवी त्यांनी उचलली आणि सृष्टीसमोर ठेवली. त्यांच्या बोटांना गाठ लवकर सुटली नाही. आत लोखंडी कढई होती, दुकानाचा कागद अजून चिकटलेला. कढईत एक तवा, एक पळी, झाकण असलेलं छोटं पातेलं.

“येताना द्वारकेला घेतली,” त्या म्हणाल्या. “तुझी म्हणून वेगळी. वर फळीवर ठेवणार. मी हात नाय लावणार, तू येशील तेव्हाच काढायची.”

सृष्टीने कढईच्या कानाला बोट लावलं, फिरवलं. तळाला तेलकट काळी पूड होती, नव्या लोखंडाला असते तशी. ती तिच्या बोटाला लागली. तिने बोटाकडे बघितलं, आणि मग आईकडे.

चैताली सृष्टीच्या प्रश्नांची वाट बघत राहिली. पूड कसली, तेल कसलं, कुणी लावलं, तुला नक्की माहीत आहे का.

“मीच का काढायची?” सृष्टी म्हणाली. तिने बोट ओढणीला पुसलं. “संध्याकाळी भाकरी तूच टाक. मी दमलेय.”

आणि पुन्हा डब्यात चमचा घातला.